जांभळी तुझ्याबरोबर कुणी पाठवली

राखेत हात घातला तो माझ्या किशोरने. पाणी मारून राख निववली होती, दूध शिंपडून झालं होतं, आणि तुझ्या छातीच्या जागेवरची हाडं तो वेचत होता. मधेच थांबला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात हाड नव्हतं. धातूचा काळा, वेडावाकडा गोळा होता, आणि त्यातून दोन तारा बाहेर आलेल्या.

मग एकेक तोंड माझ्याकडे वळलं. बायकांनी राख सावडायला जायचं नसतं, असं घरून निघताना मला सांगून झालं होतं. तुला ना बायको ना पोर. भाच्याने अग्नी दिलेला चालतो, तर बहीण राखेजवळ उभी राहिलेली का चालू नये, असं म्हणून मी गेले होते. त्या वेळी मात्र वाटलं, गेले नसते तर बरं झालं असतं. कारण एक म्हातारा म्हणाला, "ह्याच्या पोटात काय होता रं?" दुसऱ्याने डॉक्टरांवर ढकललं, ऑपरेशनच्या वेळी काहीतरी आत विसरले असतील म्हणाला. तिसऱ्याने आवाज खाली करून करणीचं नाव काढलं. बाळ्या, तुझं कधी ऑपरेशन झालं नाही, आणि तुझ्यावर करणी करावी एवढं तुझ्याजवळ होतं काय?

मी किशोरच्या हातातून गोळा घेतला, पदरात बांधला आणि त्याला म्हटलं, "पुढचं वेच."

घरी येऊन आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच तुझ्या खोलीत गेले. त्या दोन तारा मी ओळखल्या होत्या. तुझ्या छोट्या गाड्यांची चाकं तशाच तारांवर फिरतात. गाड्यांच्या काचेच्या कपाटाला कुलूप होतं. चावी देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला, तिच्या जागेवर. मधल्या फळीवर पिवळी आणि पंखवाली यांच्यामध्ये जागा रिकामी होती, आणि तिथल्या धुळीत चार चाकांच्या खुणा. जांभळी गाडी नव्हती.

म्हणजे तू बाहेर ओटीवर पांढऱ्या कपड्याखाली पडलेला असताना कुणीतरी आत जाऊन, माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, चावी काढली, कपाट उघडलं, जांभळी घेतली, कुलूप लावलं आणि चावी परत ठेवली. मला रडू यायच्या आधी राग आला. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. दूध उकळून सायीवरून पाणी ओळखते, गॅसचं सिलिंडर उचलून बघते, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताकडे बघते. तू म्हणायचास, "बाय, तू पोलिसात पायजे व्हतीस." मी म्हणायचे, पोलिसात गेले असते तर पहिला तुलाच आत टाकला असता, म्हाताऱ्या माणसाने खेळण्यातल्या गाड्या जमवल्या म्हणून.

खेळणी म्हटलं की तुला लागायचं. जुन्या रस्त्याच्या कडेला तुझं डेंटिंगचं गॅरेज, त्यात लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करण्यात तुझा जन्म गेला. घरी आलास की हात धुऊन ह्या ओतीव धातूच्या गाड्या काढून बसायचास. पहिली तुला मोऱ्याच्या धक्क्याला लागणाऱ्या एका बोटीवरच्या खलाशाने दिली, त्याची जीप तू दुरुस्त केलीस म्हणून. मग बाकीच्या तू कुठून कुठून आणल्यास. सगळ्या अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांच्या हुबेहूब नकला, दारं उघडणाऱ्या, बॉनेट उचललं की आत इंजिन दिसणाऱ्या. आपण मिठागराच्या बांधावर चिखलात निवट्या मासे पकडत होतो, तेव्हा तिकडे ह्या गाड्या रस्त्यावर होत्या, असं तू सांगायचास. नुकती कमाई सुरू झालेल्या पोरांसाठी बनवल्या होत्या म्हणे. तिकडच्या मानाने अंग बेताचं आणि आत इंजिन राक्षसाचं. पुढे पेट्रोल महागलं आणि सगळं आवरलं.

"मंजे चार दिवसांची मजा," मी म्हटलं.

"चार दिवसांचीच," तू म्हणालास. "पन बघ तर खरी."

मी बघायचे. मला गाडीचं काही कळत नाही, पण वस्तू बघता येते. बॉनेट लांबलचक, अर्धी गाडी तेच. मागे एवढीशी शेपटी. छप्पर मागे उतरत गेलेलं, पडवीच्या पाख्यासारखं. तू अंगठा दारावरून मागे न्यायचास आणि म्हणायचास, इथे बघ, दारापाशी बारीक होते आणि मागच्या चाकावर परत फुगते, हा पत्रा काढणारा माणूस काय असेल. मी म्हणायचे, कंबर बघतोस ना, मग लग्न कर. तू डोळे मिटून तोच अंगठा परत फिरवायचास. रंग डोळ्याला फसवतो म्हणून गॅरेजमध्येही तू पत्रा तळहाताने तपासायचास, ती तुझी सवय.

माझं म्हणणं मात्र कायम होतं. पुढे एवढं नाक काढलं, तर माणसं बसायची कुठे? मागे शेळीसुद्धा मावणार नाही. तू म्हणायचास, झेप घ्यायच्या आधी वाघ मागच्या पायावर दबतो, तशी ती दिसते. मी म्हणायचे, मला तर मान खाली घातलेली म्हैस दिसते. हा वाद आपण किती वर्षं घातला आणि तो कधी मिटला नाही. तुला हार मान्य नव्हती, मला तर नव्हतीच.

एकदा तू सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलास, केसांना तेल लावलंस आणि गाडीवर बसायला लागलास. मी विचारलं कुठे. तू म्हणालास, कर्नाळ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर खरी गाडी आली आहे, ट्रेलरवरून उतरवताना फाटकाला घासली, पत्रा बघायला बोलावलंय. पत्रा बघायला कुणी तेल लावून जातं? मला दुसराच संशय आला. म्हटलं, मीही येते. तू नाही म्हणाला नाहीस, त्याने माझा संशय आणखी वाढला. तुझ्यामागे बसून, पदर डोक्यावरून घट्ट धरून मी आले.

फार्महाऊसवर बाई नव्हती. गाडी होती. जांभळाच्या रंगाची, अंगावर पांढरा पट्टा, आपल्या ओटीहून लांब. तू तिच्यासमोर उभा राहिलास आणि हात पाठीमागे बांधलेस. मी तुला देवळातही तसा उभा बघितला नव्हता. तिथल्या रखवालदाराला दया आली असावी, त्याने दार उघडून दिलं. तू बसला नाहीस. मी बसले, मुद्दाम मागच्या सीटवर. गुडघे हनुवटीला लागले. मी आतून ओरडून सांगितलं, "बघ, मी सांगत नव्हते?" तू एवढा हसलास की डोळे पुसावे लागले. परत येताना पळस्प्याला चहा प्यायलो तेव्हा म्हणालास, "बाय, तू आलीस ते बरं झालं. नायतर मी ती बघितली हे मलाच पटलं नसतं."

तशीच छोटी गाडी तू नंतर मिळवलीस. तीच जांभळी.

ती घरात आली तेव्हा धड नव्हती. मागची दोन चाकं जिच्यावर बसतात ती तार मोडलेली होती. तू दोन दिवस घरातल्या सगळ्या तारा तपासल्यास आणि शेवटी माझ्याकडे येऊन ओटीकडे बघत उभा राहिलास. मला कळलं. ओटीवर माझ्या नवऱ्याची सायकल होती, तो गेल्यापासून कुणी चालवली नव्हती, आणि मी तिला कुणाला हात लावू देत नव्हते. मी म्हटलं, "एकच तार काढ. दुसरी काढलीस तर हात मोडीन." तू चाकाची एक तार काढलीस, कापलीस, जांभळीत बसवलीस. तारेच्या टोकाला जे आटे असतात ते तसेच ठेवलेस, त्यावर बारीकसा नट फिरवून चाक अडकवलंस. मला ते आवडलं नव्हतं आणि आवडलंही होतं. ह्यातलं मी तेव्हा तुला काही बोलले नाही.

आता पुढचं ऐक, कारण तुझ्यामागे काय काय झालं ते तुला सांगायला दुसरं कुणी नाही.

पहिला संशय मी खारघरच्या साहेबावर घेतला. तोच तो, टॉवरमध्ये राहतो, स्वतःही अशाच गाड्या जमवतो आणि दर खेपेला जांभळी मागायचा. तू त्याला चहा पाजायचास आणि नाही म्हणायचास. तो सांत्वनाला आला, खुर्चीवर टेकला आणि तुझ्या फोटोकडे बघायच्या ऐवजी तुझ्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. मी गोळा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याचा चेहरा पडला, हे खरं. पण जाताना तो एक बोलून गेला. म्हणाला, "आजी, वितळल्यावर सगळ्या सारख्याच. ही जांभळीच कशावरून? साधी स्वस्तातली गाडी टाकली असेल तरी असाच गोळा होईल."

बाळ्या, त्या वाक्याने माझी झोप गेली. खरंच की. कुणीतरी जांभळी पळवायची आणि माझं तोंड बंद करायला दुसरी कुठली तरी गाडी तुझ्या चितेत टाकायची. म्हातारी गोळा बघेल, रडेल आणि गप्प बसेल. पण हे सुचवणारा स्वतः चोर कसा असेल? की म्हणूनच त्याने सुचवलं? मी त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा हातात दिला नव्हता, ते बरंच केलं.

चावी कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं. घरात मला ठाऊक होतं आणि किशोरला. म्हणून मी किशोरला विचारलं. सरळ विचारलं, वळसे घालायला मला येत नाही. तो जेवत होता. घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "आये, मामाला मी जाळलाय. माझ्यावर पन संशय?" सूनबाई आत निघून गेली. मी परत परत विचारलं, तर त्याने मला दोन वेळा पोटभर बोलून घेतलं आणि तिसऱ्या वेळी माझ्या पायाशी बसून रडला. लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून गणपतीचं विसर्जन बघताना तो रडायचा, तसा रडला. तो नव्हता. मला पटलं. पण पटायला रात्र जावी लागली.

सकाळी मी गोळा मोरीत नेला. चिंच भिजवली, भांडी घासायची राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि पितळेच्या समईला घासतात तसा घासायला बसले. सूनबाई दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, काय करताव?" मी म्हटलं, भांडी घासते. काळं निघायला वेळ लागला. एक तार साधी निघाली, गुळगुळीत. दुसरीचं टोक अंगठ्याला टोचलं. नखाने खरवडून उजेडात धरलं. आटे होते. पुसट झालेले, पण होते.

माझ्या नवऱ्याच्या सायकलची तार होती ती. जांभळीच जळाली होती.

चोरी झाली नव्हती, तरी माझ्या पाठीमागे झालं होतं. मग मी बसल्या जागेवरून तो दिवस परत बघितला. गॅरेजमध्येच, चहाचा कप हातात असताना तू गेलास, आणि तुला घरी आणलं ते सलीमने. तुझा भागीदार, पत्रा तू ठोकायचास, रंग तो मारायचा. तुझा चांगला शर्ट काढायला तुझ्या खोलीत गेला होता तो सलीम. स्मशानात तुपाच्या डब्याची पिशवी होती ती सलीमच्या हातात. आणि लाकडं रचताना तुझे हात छातीवर नीट ठेवले ते त्यानेच, किशोरने मला सांगितलं. सलीमवर मी पहिल्यापासून डोळा ठेवून होते. तो रंगात पातळ, म्हणजे थिनर, जास्त घालतो, हे मी तुला शंभरदा सांगितलं असेल. तू म्हणायचास, बाय, तो माझा भाऊ हाय. मी म्हणायचे, तुला भाऊ नाही, बहीण आहे.

मी रिक्षाने गॅरेजवर गेले. सलीम एकटाच होता, कुणाच्या तरी स्कूटरचं मडगार्ड घासत बसला होता. तुझा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला होता. मी गोळा त्याच्यापुढे ठेवला. त्याने बघितला. रॉकेलच्या फडक्याने हात पुसले, मग परत पुसले.

"बस, बाय."

"बसायला नाही आले. तू ठेवलीस?"

"हां."

"चोरून?"

"तुझ्यापासून चोरून," तो म्हणाला. "बाकी कोनापासून नाय."

मग त्याने सांगितलं. एका दुपारी चहा पिताना तूच त्याला बोलला होतास, मी आधी गेलो तर जांभळी माझ्या हाताखाली ठेव. चावी कुठे असते तेही तूच सांगितलं होतंस. सलीम म्हणाला, आमच्यात मय्यतीबरोबर असं काही ठेवत नाहीत. पण तुझ्या-माझ्या लोकांना त्याने चितेवर विडी ठेवताना बघितलं होतं, पान ठेवताना बघितलं होतं, कुणी बाटलीतला घोट शिंपडताना बघितला होता. त्याला वाटलं, तसंच हेही चालत असेल, जळून जाईल, कुणाला कळणार नाही.

"जन्मभर पत्र्यात काम केलंस," मी म्हटलं. "धातू जळत नाही, वितळतो, एवढं कळलं नाही तुला?"

"रोज कळतं, बाय. त्या दिवशी नाय कळलं."

ते मला खरं वाटलं. पण माझा प्रश्न राहिला होता, आणि तोच विचारायला मी गेले होते. मला का सांगितलं नाही? सलीम मडगार्डकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल.

"बाळाराम बोलला, बायला विचारू नको. ती भंगारात घालेल. मी बोललो, बाय तशी नाय. तो बोलला, तू तिला वळखत नाय." सलीमने गोळा माझ्याकडे सरकवला. "अमानत होती, बाय. मी काय करनार?"

मी विचारलं, "हसत बोलला का?"

सलीमला खोटं बोलता आलं असतं. माणूस खोटं बोलायच्या आधी काय करतो ते मला दिसतं, आणि त्याने तसं काही केलं नाही. मडगार्ड बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "नाय, बाय. हसत नव्हता."

मी बोलले होते, ते मी नाकारत नाही. दर वेळी कपाट पुसताना बोलले होते. तू मेलास की सगळं भंगारवाल्याला देईन, कांदे-बटाटे घेईन. आणि दर वेळी तू हसायचास. आयुष्यात दुधापासून डॉक्टरपर्यंत मी सगळं तपासून घेतलं, बाळ्या. तुझं ते हसणं तेवढं तपासून घेतलं नाही. ते मी खरं धरलं.

तू माझ्या उलट माणूस. गिऱ्हाईक उद्या देतो म्हणालं की तुला पटायचं. खलाशी, साहेब, सलीम, रस्त्यावरचा कुणीही, तुला सगळे चांगले. जन्मभरात तू एकाच माणसावर संशय घेतलास आणि तो माणूस मी निघाले. माझ्या टोपाला, हंड्याला पडलेला एकेक पोचा तू काढून दिलास. मी विधवा झाले तेव्हा तू न विचारता अंथरूण घेऊन ह्या घरात राहायला आलास, किशोरला वाढवलंस, आणि मला कधी उलट बोलला नाहीस. मला वाटायचं, बोलायला काही नसेल. आता वाटतं, भीत होतास की काय. की कंटाळला होतास? की ती दुपारच वाईट होती, आणि दुसऱ्या दिवशी तू हे विसरूनही गेला होतास? तुझ्या गॅरेजच्या दारातून रिक्षात बसेपर्यंत मी सगळं उलटसुलट करून बघितलं. अजून बघते. उत्तर सलीमकडे नाही, किशोरकडे नाही.

सायकलची तार मी दिली होती. तेव्हा तरी तुला कळायला हवं होतं.

अस्थी सोडायला आम्ही मोऱ्याला गेलो. सलीमला मीच बोलावलं होतं. धक्क्यावर मासळीचा वास होता, मुंबईची लाँच नुकती सुटली होती, आणि तिच्या लाटांवर तुझी हाडं टाकावी लागली. किशोर म्हणाला, "आये, ता गोला पन सोड पान्यात. मामाचाच हाय." मी नाही म्हटलं. तो आग्रह करणार होता, पण सलीमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. परत येताना मी सलीमला म्हटलं की रंगात पातळ कमी घालत जा. तो म्हणाला, "बाळाराम पन तेच बोलायचा, तू सांगतेस म्हणून."

गोळा पिवळी आणि पंखवाली यांच्यामध्ये ठेवला आहे, चार चाकांच्या खुणांवर. ती धूळ मी पुसली नाही. बाकीच्या पुसते. पुसताना अंगठा दारावरून मागे नेऊन बघितला. दारापाशी बारीक होते आणि मागच्या चाकावर परत फुगते, हे खरं आहे. मागे शेळी मावत नाही, हेही खरं आहे. खारघरच्या साहेबाचा फोन येतो, त्याला सांगते विकायचं काही नाही. त्याचा माझ्यावर विश्वास बसत नाही, माझा त्याच्यावर बसत नाही. चावी देव्हाऱ्यामागून काढून कमरेला लावली आहे. भंगारवाला गल्लीतून ओरडत जातो तेव्हा मी दारात उभी असते, आणि तो आता आपल्या दारासमोर थांबत नाही.

मिठागराच्या बांधावरच्या त्या घरात आई, बाबा, तू आणि मी होतो. बाबा गेले, आई गेली, आता तू गेलास. त्या घरातली मी एकटी जिवंत आहे.